सोन्याच्या नांगराविषयी एक शंका

आमच्याकडं कुणी जेवत असताना दारावरून माणूस गेलं तर "या जेवायला" म्हणायची रीत आहे. जाणाऱ्यानं "होऊ द्या, होऊ द्या" म्हणायचं आणि चालू लागायचं. दोघांनाही ठाऊक असतं की कुणी ताटावर येऊन बसणार नाही. त्याच रीतीनं एका शनिवारी संध्याकाळी मी आबांना म्हणाले, "उद्या आईला घेऊन पुण्याला चाललेय. जुनं पुणं बघायला. येता का?"

आबा म्हणजे माझे थोरले चुलते, घरातले कर्ते. गावाबाहेर पडताना त्यांच्या कानावर घालायचं, आणि कानावर घालताना "येता का" म्हणायचं, असं आमच्या घरात कायम चालत आलंय. यावर ते आजवर एकच उत्तर देत आले होते, "या जाऊन." त्या दिवशी त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला आणि म्हणाले, "येतो की. कवा निघायचं?"

मी पहाटेची वेळ सांगितली. काय सांगणार दुसरं? आत गेले तर आई माझ्याकडं बघतही नव्हती. "तुला कुणी सांगितलं व्हतं इचारायला?" एवढंच म्हणाली. न विचारता गेलो असतो तरी तीच ओरडली असती, हे मी बोलून दाखवलं नाही.

आईला का वाईट वाटलं, ते सांगायला हवं.

तिचं माहेर दौंड तालुक्यात, यवतजवळच्या एका वाडीवर. वाडीवर शाळा चौथीपर्यंत. पुढची शाळा यवतला, आणि पोरीच्या जातीनं हायवे ओलांडून रोज जायचं नाही, असं ठरलं. त्यामुळं चौथीचं इतिहासाचं पुस्तक हे तिनं शाळेत वाचलेलं शेवटचं पुस्तक. ते तिला अजून पाठ आहे. मी चौथीत असताना मोठ्यानं वाचायला बसले की ती चुलीपुढून माझ्या पुढचं वाक्य म्हणायची. त्या पुस्तकात उजाड झालेल्या पुण्याची गोष्ट होती. शत्रूनं गावावरून गाढवाचा नांगर फिरवला, लोक गाव सोडून गेले, आणि मग राजांच्या आईनं बाळराजांना घेऊन त्याच जमिनीत सोन्याचा नांगर धरला. गाव पुन्हा वसलं.

गुरुजींनी हे सांगितलं तेव्हा आई उभी राहिली होती. सोनं तर मऊ असतंय, दातानं दाबलं तरी वळ उठतो; आमच्या रानात लोखंडी फाळ बोथट व्हतो, मग सोन्याचा नांगर चालला कसा? सगळा वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, गोष्ट ऐकायची, शंका काढायच्या नाहीत. आई खाली बसली. थोड्या दिवसांत शाळाच संपली, आणि शंका तिच्याजवळ राहिली.

मला तिनं ती बरेचदा विचारली. लहानपणी मी सांगायचे की पुस्तकात आहे म्हणजे तसंच असेल. कॉलेजला गेल्यावर म्हटलं, थांब, फोनवर बघते. तर म्हणाली, "फोन काय तवा तिथं व्हता व्हय? जिथं झालं तिथं जाऊन इचारायचं. तिथल्या जाणत्या माणसाला." तिच्या लेखी पुणं म्हणजे दवाखाना नाहीतर मंगल कार्यालय. तिथं जाणतं माणूस कुठं भेटायचं?

रांजणगावला मी ज्या कंपनीत काम करते तिथल्या एका मैत्रिणीनं सांगितलं की कसबा पेठेत रविवारी सकाळी पायी फिरवून इतिहास सांगतात. हेरिटेज वॉक. बरोबर माहीतगार असतो, शंका विचारल्या तर त्यांना उलट आवडतं. मी आईला सांगितलं तेव्हा आधी ती म्हणाली, चालायला पुण्याला कशाला जायचं, रानात काय कमी चालते का. लाल महाल दाखवतात म्हटल्यावर गप्प झाली. रात्री जेवताना म्हणाली, "त्या माणसाला मी इचारलं तर चालंल का?"

म्हणजे ती तिथं एक गोष्ट विचारायला चालली होती. आणि मी बरोबर आबांना घेतलं होतं.

आई आबांसमोर बोलत नाही. आबांनी कधी बोलू नको म्हटलेलं नाही, तशी आमच्यात पद्धत आहे. थोरल्या दिराच्या समोरून जायचं नाही, ते बसलेत तिथं उभं राहायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, आणि काही सांगायचं असलं तर पोराबाळांना मधे घालून सांगायचं. "आबांना म्हणावं च्या झाला." आबा शेजारीच असतात, त्यांना ऐकू गेलेलं असतं, तरी मी सांगायचं आणि मग ते उठायचे. लहानपणी मला हा खेळच वाटायचा.

गाडी मी चालवत होते. आबा पुढं माझ्याशेजारी. पांढरी टोपी, कडक इस्त्री आणि पायात कोऱ्या करकरीत चपला. आई मागं. वडील आले नाहीत, गाईंच्या धारा कोण काढणार? तळेगाव ढमढेऱ्यातून निघालो, शिक्रापूरच्या चौकात कंपन्यांच्या बसेस लागलेल्या होत्या. कोरेगाव भीमा ओलांडेपर्यंत आबा उजवीकडं डावीकडं कुणाचं रान गेलं, कुणाच्या रानावर कसलं गोडाऊन झालं ते सांगत होते. मागून एक शब्द नाही. मी आरशात बघितलं तर आई खिडकीबाहेर बघत होती आणि ओठ हलत होते. धडा म्हणत असणार.

शनिवारवाड्यापुढं सगळे जमलो. शहरातली पाच-सहा तरुण मंडळी, गळ्यात कॅमेरा घेतलेले एक गृहस्थ आणि आम्ही. माहिती सांगणारी मुलगी माझ्याहून लहान असेल, पण बोलणं ठाम. तिनं आधीच सांगितलं की माईक लावत नाही, पेठेत लोक राहतात, रविवारी त्यांची झोप मोडायला नको. तेव्हा जवळ उभं राहून ऐकायचं.

जवळ म्हणजे आबांच्या जवळ. कारण आबा पहिल्या मिनिटाला सगळ्यांच्या पुढं जाऊन उभे राहिले होते.

मला खरं सांगायचं तर वाटलं होतं, आबा कंटाळतील, अर्ध्यात गाडीत जाऊन बसतील. झालं उलटंच. दिल्ली दरवाज्याच्या खिळ्यांना हात लावून त्यांनी विचारलं, हत्तीनं धडक दिल्याचं कुणी लिहून ठेवलंय का नुसतं आपलं म्हणत्यात? वाड्यातल्या कारंज्यांना पाणी कुठून यायचं ते विचारलं, आणि कात्रजहून नळानं असं ऐकल्यावर उतार किती ठेवला असंल, हे स्वतःशीच पुटपुटत राहिले. त्या मुलीला ते इतके आवडले की ती थोड्या वेळानं प्रत्येक गोष्ट त्यांच्याकडं बघूनच सांगायला लागली. बाकीची मंडळीही त्यांना आबा म्हणायला लागली.

आणि आई सगळ्यांच्या मागं. आबा डावीकडं वळले की ही उजवीकडच्या भिंतीला. त्यांनी मान वळवली की ही पाठ फिरवून कुणाच्या तरी बंद दुकानाची पाटी वाचायची. माहिती सांगणाऱ्या मुलीनं दोनदा हाक मारली, "काकू, पुढे या ना, तिथं ऐकू येणार नाही." आईनं हसून मान हलवली आणि जागची हलली नाही. कॅमेरावाले गृहस्थ मला म्हणाले, आईंना चालायचा त्रास होतोय का? मी नाही म्हणाले. काय समजावून सांगणार?

मी मधे उभी राहून बघितलं. पुढचं ऐकायचं आणि मागं जाऊन आईला सांगायचं. एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगायला गेले तर म्हणाली, "तू ऐक तुझं. मी बघतीया."

मला आबांचा नुसता रागच आला असता तर सोपं झालं असतं. पण मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर आहे. हे मी सांगत असते आणि सांगायला मला कसलाही संकोच वाटत नाही. बारावीनंतर मला शिरूरच्या कॉलेजला जायचं होतं. रोज जीपनं जायचं, कधी उशीर होणार. भावकीतले लोक बोलायला लागले. वडील गप्प होते, आई गप्प होती. आबा ओसरीवर म्हणाले, "ती जाईल. कुणाला काय बोलायचं असंल त्यानं माझ्याशी बोलावं." त्यानंतर कुणी बोललं नाही. ज्या माणसाच्या एका शब्दानं माझ्या पुढचा रस्ता मोकळा झाला, त्याच माणसाच्या नुसत्या असण्यानं माझी आई भिंतीला चिकटून उभी होती. दोन्ही खरं आहे. मी अजून त्याचा एक हिशोब लावू शकलेले नाही.

लाल महालात पोचलो. ती मुलगी म्हणाली, मूळचा महाल राहिलेला नाही, ही वास्तू खूप नंतरची. आबांना ते लागलं. "म्हंजी हे ते न्हवंच?" तिनं सांगितलं, महाल ह्याच भागात होता, आठवण म्हणून हा बांधला. आत नांगर धरलेली मूर्ती आहे, तिच्यापुढं उभं राहून तिनं तीच गोष्ट सांगायला सुरुवात केली. मी मागं बघितलं. आई दाराच्या आत आली होती, खांबाला टेकून. पदर कपाळावर ओढलेला. त्या मुलीचं वाक्य संपायच्या आधी आईचे ओठ पुढच्या वाक्याला लागत होते.

गोष्ट संपली. "कुणाला काही विचारायचंय?"

"ही जमीन तवा कुणाच्या नावावर व्हती?" आबांनी विचारलं. सगळे हसले, आबाही हसले. ती मुलगी मात्र मनापासून जहागिरीचं सांगायला लागली. मी आईकडं गेले.

"आता विचार."

"आबा हायत."

"मी विचारू का तुझ्या वतीनं?"

"तू इचारलंस की ती तुझी शंका झाली." आई मूर्तीकडं बघत होती. "ऱ्हाऊ दे. बघितलं ना, बास झालं."

बास झालं नव्हतं. ते तिच्या आवाजातच होतं. पाच मिनिटांत सगळे बाहेर पडणार, आणि ती पुन्हा कधी येणार नाही, हे तिला कळत होतं आणि मलाही. मी सरळ आबांकडं गेले आणि त्यांना जरा बाजूला घेतलं.

"आबा, आईला इथं एक विचारायचंय. तुम्ही पुढं आहात म्हणून ती मागं थांबलीय."

आबांनी माझ्याकडं बघितलं. असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. घरात कुणीच बोललेलं नाही.

"मग मी काय धरून ठेवलंय का तिला?"

"नाही. पण तुम्ही असल्यावर ती बोलत नाही. तुम्हाला माहितीय."

त्यांनी मूर्तीकडं बघितलं, टोपी काढून पुन्हा नीट बसवली. मला वाटलं आता हे म्हणणार, चला घरी. तेवढ्यात ते मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्या मुलीला म्हणाले, "बाई, चप्पल नवी हाय, लई चावतीया. मी भायेर बसून जरा च्या घेतो. तुमचं निवांत होऊ द्या."

आणि खांबाच्या पलीकडून, आईच्या बाजूला न बघता, बाहेर गेले. पहाटेपासून त्या चपलेबद्दल ते काही बोलले नव्हते. घरी रोज सकाळी मळ्यापर्यंत चालत जाऊन येणारा माणूस.

मला वाटलं, आता आई पुढं येईल. आली, पण माझ्यावर चिडून. "काय बोललीस त्यांना? माणसाला असं उठवत्यात व्हय?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना किती आवडत होतं ऐकायला, आपल्यापायी ते बाहेर बसले, घरी काय तोंड दाखवायचं, असं ती दबक्या आवाजात बोलत राहिली. मी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते उठलेत. आता तू नाही विचारलंस तर त्यांचं उठणं वाया जाईल."

हे तिला पटलं. वाया गेलेलं तिला काहीच चालत नाही.

ती मूर्तीपर्यंत गेली. पदर डोक्यावर तसाच, पण कपाळावरून थोडा मागं. त्या मुलीला म्हणाली, "ताई, एक इचारू का? सोनं मऊ असतंय. नांगर सोन्याचा असंल तर जमिनीत शिरला कसा?"

तरुण मंडळीतला एक जण हसला. त्या मुलीला हसू आलं नाही. ती म्हणाली, "काकू, मलाही नक्की माहीत नाही. अख्खा नांगर सोन्याचा नसणार. फाळाला सोन्याचा पत्रा किंवा मुलामा दिला असेल, शुभ म्हणून. त्यानं जमिनीत एखादी रेघ ओढली असेल. पण तसं लिहिलेलं मी वाचलेलं नाही, हा माझा अंदाज."

आई मान हलवत होती. "फाळालाच. मी तेच म्हणत व्हते. आन् जमीन पडीक व्हती ना? मग पहिल्या पावसाआधी न्हाई चालायचा तो. दगड झाली असंल. आधी साध्या नांगरानं कुणीतरी मोकळी केली असणार."

"असेल," ती मुलगी म्हणाली.

"कुणी केली ते लिवलंय का?"

"नाही लिहिलेलं."

"बरं," आई म्हणाली, आणि आणखी विचारत राहिली. बैल कुणाचे होते, लोक परत आले ते एकदम आले की एकेक, पेरलं काय पहिल्यांदा. अर्ध्याहून जास्त प्रश्नांना उत्तर नव्हतं. त्यानं तिचं काही बिघडलं नाही. मी तिला इतकं सलग, अनोळखी माणसांत, कधी बोलताना ऐकलं नव्हतं. वर्गात उभी राहिलेली ती मुलगी मी पाहिलेली नाही, पण अशीच उभी असेल, एक पाय पुढं टाकून.

बाहेर आलो तर आबा टपरीवर उभे होते. चहाचा ग्लास कधीच रिकामा झालेला. मला म्हणाले, "इचारलं का?"

"हो."

"काय म्हणली बाई?"

मी तोंड उघडलं, पण आई माझ्या पाठीमागून मलाच म्हणाली, "त्यांना सांग, फाळाला पत्रा असंल असं म्हणत्यात."

मी सांगितलं. आबांनी ग्लास ठेवला. "पत्रा," म्हणाले. "बरं." आणि चालायला लागले, लंगडायचं मात्र विसरले.

पुढं तांबट आळीपर्यंत एक वेगळाच घोळ झाला. आबा आता सगळ्यांच्या मागं राहिले. मुद्दाम. दुकानं बघत, पाट्या वाचत, सावकाश. दिराच्या मागं कसं राहायचं हे आईला अंगवळणी पडलेलं. दीर मागं असताना पुढं कसं चालायचं हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. ती दर थोड्या पावलांनी थांबायची, मग आबाही लांबवर थांबायचे, आणि मी मधे. शेवटी तिनं पदर नीट केला आणि त्या मुलीच्या अगदी शेजारी जाऊन उभी राहिली. तांब्याच्या भांड्यावर एकेक ठोका घालत मठारकाम कसं करतात ते एक कारागीर दाखवत होता. आईनं भांडं हातात घेऊन उलटं करून बघितलं. आबा आळीच्या तोंडाशी उभे होते. तिथून त्यांना नुसता ठोक्यांचा आवाज येत असणार, बोललेलं काही ऐकू जात नसणार. मी त्यांना या म्हणून हात केला. त्यांनी हातानंच होऊ द्या म्हणून सांगितलं.

परतीच्या रस्त्यात वाघोलीला ट्रॅफिक लागलं. आबा पुढं, आई मागं, जातानासारखंच.  मी दोघांची माफी मागावी का, असं मनात येत होतं. कशाची मागायची ते ठरेना, म्हणून मागितली नाही.

संध्याकाळी वडील धारा काढून आले. आबा ओसरीवर बसले होते, मी उंबऱ्याशी, आई आत माझा रात्रपाळीचा डबा भरत होती. वडिलांनी विचारलं, काय काय बघितलं?

आबा म्हणाले, "मला भायेर बसवलं तुझ्या पोरीनं." वडील माझ्याकडं बघायला लागले. मी मान खाली घातली. "आन् तुझ्या बायकूनं तिथं समद्यांम्होरं त्या बाईला इचारलं, सोन्याचा नांगर चालला कसा म्हणून. बाई गार पडली. म्हणली, फाळाला पत्रा व्हता."

आतून डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला, आणि त्यामागोमाग आईचा. मोठा, सरळ ओसरीवर येणारा. कुणाला सांग म्हणून नाही.

"व्हता न्हाई म्हणली. असंल म्हणली."

वडिलांचा हात टॉवेलवर तसाच राहिला. मी आबांकडं बघितलं. ते दाराच्या दिशेनं बघत नव्हते, समोर अंगणाकडं बघत होते. 

"व्हय," आबा वडिलांना म्हणाले. "असंल म्हणली."